फजिती झाली... पुढे काय?

घरोघरी बैठका भरवून वस्तू विकणाऱ्या बायका आता जळगाव-धुळ्यात कुणाला नवीन नाहीत. कुणी डबे विकतं, कुणी तवे-कढया, कुणी क्रीम-लिपस्टिक, कुणी साड्या आणि ड्रेस मटेरियल. दहा-बारा बायकांसमोर उभं राहून बोलायचं, वस्तू वापरून दाखवायची आणि ऑर्डर लिहून घ्यायची, असं हे काम. दहा-बारा बायकांसमोर उभं राहिलं की कधी ना कधी फजिती ही व्हायचीच. ती झाली की त्या बाईनं काय करावं, हा आजचा विषय. विषय हसण्यासारखा वाटेल. पण अशा एकेका फजितीपायी चांगला चाललेला धंदा सोडून घरी बसलेल्या निदान तिघी-चौघी माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्या घरात त्या पैशांची गरज होती.

आधी शब्दाबद्दल थोडं. कविता लिहिणाऱ्या माणसाला ही खोड असतेच. ‘फजिती’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, मूळ शब्द ‘फजीहत’. ‘खजील’ हाही तिकडूनच आलेला. ‘ओशाळणं’ आणि ‘वरमणं’ हे आपले घरचे शब्द. मला यात एक फरक जाणवतो. फजिती चारचौघांत होते, ती लोकांना दिसते. खजील माणूस आतून होतो. फजिती पाच मिनिटांत संपते, खजील होणं मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावर सुरू होतं. धंदा सोडणाऱ्या बायका फजितीमुळे सोडत नाहीत, त्या दुसऱ्या गोष्टीमुळे सोडतात.

ही घरगुती बैठकीची पद्धत आली कुठून? बोहारीण, कासार, टोपलीत काकणं घेऊन फिरणारी मनियारीण ही मंडळी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या दारात येतच होती. पण चहा-फराळ ठेवून, मैत्रिणींना आमंत्रण देऊन, एका घरात मांडलेली विक्री ही अमेरिकेची कल्पना. अर्ल टपर नावाच्या माणसानं १९४६ मध्ये घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे बाजारात आणले. दुकानात ते फारसे खपेनात, कारण झाकण कसं लावायचं हेच गिऱ्हाइकाला कळत नव्हतं. ब्राउनी वाइज नावाची एक बाई, एकट्यानं मुलाला वाढवणारी, घरगुती पार्ट्या भरवून हेच डबे धडाक्यानं विकत होती. टपरनं ते पाहिलं, १९५१ मध्ये तिला कंपनीत उपाध्यक्ष केलं आणि डबे दुकानांतून काढून घेतले. पातळ पदार्थानं भरलेला डबा ती भर पार्टीत खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकायची आणि थेंबही सांडायचा नाही. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली बाई. आणि १९५८ मध्ये त्याच टपरनं तिला कामावरून काढलं, तेव्हा तिच्या नावावर कंपनीचा एक शेअरसुद्धा नव्हता. धंदा उभा करणाऱ्या बाईची गत काय होते, तो विषय वेगळा आहे आणि त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलायला हवं.

टपरवेअर भारतात १९९६ मध्ये आलं. त्याच सुमारास आणखीही कंपन्या आल्या आणि काही इथल्याच उभ्या राहिल्या. अमेरिकेतल्या त्या मूळ कंपनीनं २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पण पद्धत टिकून आहे. आमच्याकडे ती भिशीत मिसळली, हळदीकुंकवात मिसळली. संक्रांतीच्या वाणाला तर डबे हमखास. यजमानीण मैत्रिणींना आणि नातलगांना बोलावते, विकणारी बाई सतरंजीवर माल मांडते, एखादा खेळ घेते, वस्तू वापरून दाखवते. यजमानणीला विक्रीच्या मानानं भेटवस्तू मिळते. आणि त्याच बैठकीतून पुढच्या बैठकीचं घर ठरतं. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. दुकानदाराचं एक गिऱ्हाईक नाराज झालं तर दुसरं येतं. इथं एक बैठक बिघडली की पुढच्या तीन बैठका जन्मालाच येत नाहीत. शिवाय अब्रू एकटीची नसते. ज्या घरात आपण उभ्या आहोत, त्या घरच्या बाईनं आपल्या भरवशावर जाऊबाईंना, शेजारणीला, मुलाच्या शाळेतल्या बाईंना बोलावलेलं असतं. आपली फजिती झाली की तिचाही चेहरा पडतो.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९५६ साली ओशाळलेपणावर एक निबंध लिहिला. एक माणूस ओशाळला की त्याच्याबरोबर बसलेले सगळेच अवघडतात आणि सगळेच मिळून तो प्रसंग सावरायला बघतात, असं त्याचं निरीक्षण आहे. हे वाचलं तेव्हा मला धुळ्याची एक बैठक आठवली.

देवपूरमध्ये, माझ्या बहिणीच्या शेजारच्या घरात. साल २००३. न चिकटणाऱ्या तव्याचं प्रात्यक्षिक होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यात कंपनीचा दोष काही नव्हता. विकणारी मुलगी विशीतली, जळगावहून एसटीनं आलेली. एरंडोल, पारोळा करत दोन पिशव्या सांभाळत येणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक. “बघा ताई, तेलाचा थेंब नाही,” म्हणत तिनं धिरड्याचं पीठ तव्यावर ओतलं. आणि ते असं चिकटलं की उलथनं घालताच त्याचा चिवडा झाला. कुणीतरी फिस्सकन हसलं. यजमानीण गोरीमोरी झाली. त्या मुलीचे कान लाल झाले. तिनं एकदम गॅस बंद केला, “माझं चुकलं, घाई झाली,” एवढंच म्हणाली आणि तवा पुसायला लागली. कोपऱ्यात यजमानणीच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, तवा तापला कुठं होता?” मुलगी म्हणाली, “आजी, मग तुम्हीच या ना.” आजी उठल्या, तवा तापवला, पाण्याचा थेंब टाकून बघितला, धिरडं घातलं. ते सुटून आलं. आजी जागेवर जाऊन बसल्या आणि अहिराणीत विचारत्या झाल्या, “हाऊ तवा कितलाना शे?”

त्या दिवशी तिथं पाच तवे गेले. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते हे, की त्या मुलीनं हुशारी केली नाही. “न तापवता घातलं तर काय होतं, हे मुद्दाम दाखवलं,” असं ती म्हणू शकली असती. असं म्हणणाऱ्या मी पाहिल्या आहेत. बायका तोंडावर हसतात आणि जिना उतरताना म्हणतात, मोठी बनेल आहे. ब्रिटनमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, सेमिन आणि मॅनस्टेड यांनी, १९८२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुकानात रचून ठेवलेला माल एका गिऱ्हाइकाच्या धक्क्यानं कोसळतो, अशी फिल्म त्यांनी लोकांना दाखवली. गिऱ्हाईक खजील झालेलं दिसलं तेव्हा ते बघणाऱ्यांना अधिक आवडलं, निर्विकार राहिलं तेव्हा कमी. तेव्हा कान लाल झाले तर होऊ द्यावेत. ते लपवायच्या धडपडीत माणूस नको ते बोलून जातो.

हाताच्या चुकांबद्दल मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकातून नाही, आमच्या माहेरच्या गल्लीतल्या मनियारणीकडून. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या घेऊन ती बसायची. सणाच्या आधी बायकांची रांग. हात मऊ पडावा म्हणून साबणाचं पाणी लावायचं, अंगठ्याखालचं हाड दाबायचं आणि बांगडी सरकवायची. दहात एक तरी फुटायचीच. पण ‘फुटली’ हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ‘वाढली’ म्हणायची. आपल्याकडे नारळ वाढवतात, रात्री दुकान वाढवतात, तशी बांगडी वाढते. हा शब्द उच्चारतानाच ती काचा वेचून पदरात घ्यायची, गिऱ्हाइकाचं मनगट उलटसुलट करून रक्त आलंय का ते बघायची आणि दुसरी बांगडी हातात घ्यायची. फुटलेलीचे पैसे कधी मागितले नाहीत तिनं, आणि गिऱ्हाइकानं देऊ केले तर घेतले नाहीत. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत. शब्द गोड, काचा आधी उचललेल्या, नुकसान आपल्या पदरात, आणि काम पुढे सुरू. कुठल्याही कंपनीच्या प्रशिक्षणात याहून जास्त काय शिकवत असतील?

जिभेच्या चुका मात्र वेगळ्या. त्या वेचून पदरात घेता येत नाहीत.

जळगावातल्या एका बैठकीत सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या एक बाई लिपस्टिकच्या छटा दाखवत होत्या. बोलण्याच्या ओघात एकीला म्हणाल्या, “ही घ्या ताई, मिस्टर खूश होतील तुमचे.” त्या ताईंचे यजमान सहा महिन्यांपूर्वी गेले होते. खोलीत शांतता पसरली. कुणीतरी कानात सांगितलं, तशी विकणाऱ्या बाई रडायलाच लागल्या. हात धरून माफी मागितली. निघताना परत मागितली. रात्री फोन करून मागितली, आणि दोन दिवसांनी एक क्रीम भेट म्हणून पाठवलं. पुढे केव्हातरी त्या ताईंशी माझं बोलणं झालं. त्या म्हणाल्या, “तिचं बोलणं मी दहा मिनिटांत विसरले होते. तिची माफी विसरायला आठवडा लागला. सारखं मलाच तिला समजवावं लागत होतं, की अहो, काही झालं नाही.”

माफी हीसुद्धा मोजून द्यायची गोष्ट आहे. एकदा, जिला लागलं तिलाच, हळू आवाजात आणि कमीत कमी शब्दांत. त्यापुढची प्रत्येक माफी ही आपण आपल्यासाठी मागत असतो. आणि त्याहून बरं म्हणजे अनोळखी बायकांच्या बैठकीत कुणाचा नवरा, कुणाची मुलं, कुणाचं पोट, कुणाचा रंग हे विषय मुळात काढूच नयेत. “कितवा महिना?” हा प्रश्न तर डॉक्टरांनाच सोडून द्यावा. बैठकीच्या आधी यजमानणीला दोन मिनिटं बाजूला घेऊन कोण कोण येणार आहे हे विचारून ठेवलं, तर निम्मे अपघात टळतात.

पण सगळ्यांनी पाहिलं, आता तोंड कसं दाखवू, याचं काय? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला लाजिरवाणं वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवायचं. मग त्याला विचारायचं, कितीजणांच्या लक्षात आलं असेल? त्याला वाटायचं, जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात ते आलेलं असायचं साधारण पाव हिश्शाच्या. म्हणजे आपल्याला वाटतं तितकं जग आपल्याकडे बघत नसतं. हे खरं आहे आणि दिलासा देणारंही आहे. फक्त एक गोष्ट त्या प्रयोगात नाही. कॉर्नेलची ती मुलं एकमेकांना पुढची वीस वर्षं लग्नांत, बारशात आणि मयतीत भेटणार नव्हती. आमच्या बायका भेटतात. चिकटलेल्या धिरड्याची गोष्ट देवपुरात अजून सांगितली जाते. त्या मुलीनं उपाय काढला तो असा, की पुढच्या प्रत्येक बैठकीत ती गोष्ट तीच आधी सांगायची आणि मग तवा तापवायची.

आता पैशांच्या चुका. माझ्या मते खरा जीव इथंच अडकतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेहरूणमध्ये माझी एक जुनी ओळखीची आहे. सगळ्या तिला आपा म्हणतात. या कामात बहुतेक ठिकाणी रीत अशी, की कंपनीला पैसे आधी भरायचे आणि शेजारणींकडून नंतर वसूल करायचे. २००६ मध्ये आपानं एका बैठकीत अकरा जणींच्या ऑर्डरी घेतल्या, पैसेही गोळा केले आणि माल मागवायला गेली तेव्हा कळलं की एक तारखेपासून नवी किंमतयादी लागू झालीय. तिनं जुन्या यादीनं पैसे घेतले होते. फरक आला १४८० रुपयांचा. परत जाऊन अकरा दारांत वाढीव पैसे मागायची तिला लाज वाटली. नवऱ्याला सांगायची भीती वाटली. तिच्याकडे भिशीचा डबा असायचा. अकरा बायका, महिन्याला प्रत्येकी पाचशे, म्हणजे साडेपाच हजार. त्यातले १४८० काढून तिनं कंपनीला भरले. पुढच्या बैठकीच्या कमाईतून टाकून देईन, असा हिशेब. पुढची बैठक रद्द झाली. भिशीचा नंबर काढायचा दिवस आला तेव्हा डब्यात ४०२० रुपये होते, आणि त्या महिन्याचे पैसे जिला जायचे होते, तिच्या मुलाची फी भरायची होती.

आदल्या रात्री आपा माझ्याकडे आली. म्हणाली, “तू शिकलेली आहेस, उद्या माझ्याबरोबर बस.” मी बसले. तिनं वही उघडून जशीच्या तशी हकिकत सांगितली. जुनी यादी, नवी यादी, फरक, डबा. बायका बराच वेळ गप्प होत्या. मग एकजण म्हणाली, “किंमत चुकली तर आम्ही दिली असती ना वाढीव. सव्वाशे-दीडशे रुपये एकेकीला, त्याचं काय! पण आमच्या डब्याला हात लावलास आणि महिनाभर आमच्याबरोबर चहा पीत बसलीस.” किंमतीच्या चुकीबद्दल कुणीही तिला दोष दिला नाही. त्यातल्याच एका वयस्कर बाईंनी १४८० रुपये काढून डब्यात टाकले आणि आपानं ते महिन्याला ३७० प्रमाणे चार महिन्यांत फेडले. डबा त्या दिवशी दुसऱ्या घरी गेला, तो आपाकडे परत कधी आला नाही. मात्र तिच्या बैठकांना त्या सगळ्या येत राहिल्या.

आपाची पद्धत तेव्हापासून बदलली. निघण्याआधी प्रत्येकीची ऑर्डर ती मोठ्यानं वाचून दाखवते, वस्तू, रंग, नग, किंमत. कार्बन ठेवून दोन प्रती, एक गिऱ्हाइकाची. किंमतयादीची तारीख वहीच्या डोक्यावर. आणि धंद्याचे पैसे वेगळ्या बटव्यात, घरातल्या कुठल्याच दुसऱ्या पैशांत न मिसळता. चूक कळली तर त्याच दिवशी फोन, मग ती दहा रुपयांची का असेना. दहा रुपयांसाठी फोन करणारीला दीडशे मागताना जीभ अडखळत नाही, असं ती म्हणते.

यात आता कायद्याचाही भाग आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम २०२१ च्या डिसेंबरात लागू झाले. विकणाऱ्या व्यक्तीजवळ ओळखपत्र हवं, आधी कळवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही, सुरुवातीलाच आपण कोण, कुठल्या कंपनीच्या आणि कशासाठी आलो ते सांगायचं, किंमत, माल परत करायच्या अटी, पैसे परत मिळायची पद्धत हे सगळं नीट समजावायचं. म्हणजे चुकीची किंमत किंवा भलता दावा ही आता नुसती लाजेची बाब राहिलेली नाही. “हे खाल्लं की शुगर जाते,” असं बैठकीत सांगणाऱ्या बाईची मी फजिती म्हणणार नाही, ते खोटं आहे. ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आणि एक लाज अशी, जी या बायकांची नसतेच. माणसं जोड, साखळी वाढव, नाही जमलं तर तुझ्यातच जिद्द नाही, असं त्यांना वरून ऐकवलं जातं. गळ्यात मारलेला माल पलंगाखाली पडून असतो आणि बाई स्वतःलाच दोष देत बसते. माल विकण्यापेक्षा माणसं जोडण्यावरच पैसा मिळत असेल, तर त्या योजनेलाच कायद्यात जागा नाही. पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे आणि २०२१ च्या नियमांनीही असे पिरॅमिड मना केले आहेत. तिथं खजील व्हायचं ते साखळी चालवणाऱ्यानं. बाईनं पावत्या काढाव्यात आणि लेखी मागणी करून माल परत करावा.

हल्ली निम्म्या बैठका व्हॉट्सअ‍ॅपवर भरतात आणि फजितीही तिथंच होते. एकीचा फोटो दुसरीच्या ग्रुपवर, नऊशेच्या जागी नव्वद. घाईघाईनं मेसेज पुसला तरी पुसल्याची खूण मागे राहते आणि मग दुपारभर तीस जणी विचारत बसतात, काय होतं गं ते? आपा पुसत नाही. त्याच मेसेजखाली बरोबर किंमत लिहिते, पुढे ‘माझी चूक’ एवढे दोन शब्द टाकते. नव्वदच्या भावानं कुणी आधीच ऑर्डर दिली असेल तर तिला फोन करून विचारते, नव्या किंमतीत हवं की रद्द करू? गेल्या रमजानमध्ये असं झालं तेव्हा चौघींनी रद्द केलं. दोघींनी घेतलं.